घराचा पाया निवडताना: आधी खड्डा, मग नकाशा

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग मानले जातात: काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. गावठाण पांढरीवर, शेतं काळीत. या वाटणीला वहिवाटीची आणि हक्कांची बरीच कारणं होती, पण एक कारण मातीचंही होतं. काळीत उभी केलेली भिंत टिकत नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. आता गावठाणं भरून गेली, शहरं चारी अंगांनी वाढली आणि एनए (बिगरशेती) झालेले बहुतेक प्लॉट काळीतच पडतात. काल जिथे कापूस आणि तूर होती, तिथे आज आपण आयुष्यभराची कमाई घालून घर बांधतो.

मी तालुक्याच्या गावी घरांची कामं पाहतो. पहिल्यांदा घर बांधणारा माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात नकाशा असतो, मोबाइलमध्ये पुढच्या बाजूचं चित्र असतं, आणि एक प्रश्न ठरलेला असतो: "पाया किती फूट घेऊ? शेजाऱ्यानं पाच घेतला होता." शेजाऱ्याच्या पायावरून आपला पाया ठरत नाही. पन्नास फुटांवर मातीचा थर बदललेला मी कितीदा पाहिलाय. म्हणून हा लेख क्रमाने लिहितोय, काम ज्या क्रमाने व्हायला हवं त्याच क्रमाने. बोलणं मुख्यतः मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एक-दोन मजली घरांचं आहे. कोकणाचं पुढे वेगळं सांगतो.

काळी माती नेमकं काय करते

आपलं पठार बसाल्टचं, म्हणजे काळ्या पाषाणाचं. तो झिजून जी माती झाली तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणद्रव्य असतं. त्याचे पापुद्रे पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात. पाणी निघून गेलं की आक्रसतात. वैशाखात शेतात जा. भेगेत मनगटापर्यंत हात जातो, कधी कोपरापर्यंतही. श्रावणात त्याच जागी भेग सापडत नाही. जमीन वर आलेली असते.

घर याच जमिनीवर बसलेलं असतं. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडीच राहते. कडा उचलल्या जातात, मध्य जागेवर. उन्हाळ्यात उलटं होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, ती यामुळे. श्रावणात दार चौकटीत अडकत असेल आणि चैत्रात आपोआप मोकळं होत असेल, तर लगेच सुताराला बोलावू नका. लाकूड ओलीनं फुगलेलं नसेल, तर ते दुखणं पायाचं आहे.

एक गोष्ट नवख्या माणसाला पटायला वेळ लागतो. अशा मातीत जड इमारतीपेक्षा हलकं घर जास्त त्रास भोगतं. फुगणारी माती खालून वर ढकलते. वरचं वजन पुरेसं असेल तर ती दबून राहते, नसेल तर उचलते. म्हणून एका मजल्याचं घर, कंपाउंडची भिंत, पोर्चचा सुटा कॉलम यांना आधी तडे जातात. "दोनच तर खोल्या आहेत, पाया कशाला एवढा" हे वाक्य काळीत नेमकं उलटं आहे.

पहिलं काम: जागेचा इतिहास विचारा

यंत्र, प्रयोगशाळा नंतर. आधी त्या शिवारातल्या दोन वयस्कर माणसांना विचारा की इथे पूर्वी काय होतं. बुजवलेली विहीर, जुनी मुरमाची खदान, उकिरडा, वीटभट्टी, ओढ्याचा जुना मार्ग. प्लॉट पाडताना जमीन सपाट करून टाकतात आणि वर मुरमाचा एक थर पसरतात, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. शक्य असेल तर जुना सातबारा काढा, त्यात विहिरीची नोंद असू शकते.

जवळच्या विहिरीत डोकावा. बांधलेला भाग कुठे संपतो आणि उघडा खडक कुठे सुरू होतो ते दिसतं. विहीर खोदणाऱ्यांना थरांचं ज्ञान पक्कं असतं. काळी किती हात, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (मऊसर खडक), मग काळा पाषाण. कुठला थर किती खोलीवर लागला हे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. भाद्रपदात विहिरीचं पाणी कुठवर येतं हेही विचारा.

आसपासच्या घरांच्या भिंती बघा, मालकांशी बोला. तडे कुठल्या महिन्यात रुंदावतात, ते त्यांना अचूक माहीत असतं.

दुसरं काम: चाचणी खड्डा

जेसीबीला तासाभराचं काम आहे, आणि घराच्या सगळ्या खर्चात इतका मोलाचा दुसरा तास नाही. प्लॉटच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत निदान दोन खड्डे घ्या. जमीन उताराची असेल तर तीन. कडक मुरूम लागेपर्यंत, नाहीतर आठ-दहा फुटांपर्यंत जा. खड्डे शक्यतो कॉलमच्या जागी घेऊ नका. मोकळ्या झालेल्या जागेवर नंतर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ, बसवायला नको.

यात जिवाची काळजी आधी. काळ्या मातीची उभी भिंत कोरडी असताना घट्ट वाटते आणि न सांगता कोसळते. पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्यात, बाजू उतरत्या केल्याशिवाय किंवा फळ्यांचा आधार दिल्याशिवाय, कोणी उतरायचं नाही. वरूनच टेपनं मोजा, बादलीत आलेली माती वर तपासा. काढलेली माती काठापासून लांब टाका, रात्रीसाठी कुंपण करा. वस्तीत पोरं असतात.

आता बघायचं काय? खड्ड्याच्या भिंतीवर थर स्पष्ट दिसतात. वर काळीभोर, ओलसर, फावड्याला चिकटणारी. ढेकूळ फोडलं तर आत गुळगुळीत, चमकदार, तिरपे पृष्ठभाग दिसतात, जणू कोणी आतून घासून ठेवलंय. माती फुगून आणि आक्रसून एकमेकांवर घसरल्याच्या या खुणा. त्या जितक्या खोल दिसतात, तितक्या खोलीपर्यंत हालचाल चालते असं समजा. त्याखाली रंग पिवळसर-तपकिरी होतो, खडे लागतात, आणि मग मुरूम. मऊ मुरूम टिकावाच्या एका घावात निघतो, मुठीत चुरडतो. कडक मुरमात टिकाव दोन-तीन इंचच जातो आणि पहार मारली की हाताला झटका बसतो. पाया बसवायचा तो इथे.

खड्ड्यात टेप सोडून फोटो काढा, प्रत्येक थराची खोली लिहा आणि प्रत्येक थराची दोन-तीन किलो माती पिशवीत भरून ठेवा.

तिसरं काम: दोन नळ्या, एक पाण्याची, एक रॉकेलची

माती किती फुगते हे कळायला एक साधी चाचणी आहे, भारतीय मानकांतही तिला जागा आहे. प्रयोगशाळेतून ती करून घ्यावीच, पण कल्पना येण्यासाठी घरीही करून बघता येते. मातीचा नमुना पूर्ण वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून चाळा. १० ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलिच्या दोन मापन-नळ्या घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशा. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दोन्हींत माती टाकून हळू ढवळा, हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि चोवीस तास हलवू नका. रॉकेलची नळी चुलीपासून आणि पोरांपासून लांब ठेवा.

रॉकेलनं माती फुगत नाही, पाण्यानं फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये माती १० मिलिवर बसलेली असेल आणि पाण्यात १७ मिलिवर, तर फरक ७. त्याला रॉकेलमधल्या १० मिलिनं भागलं की ७० टक्के. हा झाला मुक्त फुगवटा. २० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी कमी. २० ते ३५ मध्यम, ३५ ते ५० जास्त, आणि ५० च्या वर असेल तर त्या मातीवर पाया टेकवायचा विचार सोडून द्या. मी ही जोडी घरमालकाला मुद्दाम दाखवतो. माझ्या तासाभराच्या बोलण्यानं जे पटत नाही, ते त्या दोन नळ्या शेजारी ठेवल्या की पटतं.

तळमजला अधिक एक मजला, आणि पाच-सहा फुटांत सगळीकडे सारखा कडक मुरूम, असं असेल तर अनुभवी इंजिनिअर खड्डे बघून आणि नमुने तपासून निर्णय घेऊ शकतो. मजले जास्त असतील, मुरूम लागत नसेल, भराव असेल किंवा पाणी वर असेल, तर भू-तांत्रिक तपासणी करून घ्या. त्यात बोअर मारून ठरावीक खोलीवर ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पाडतात. नळी ४५ सेंमी आत जाते, त्यातल्या शेवटच्या ३० सेंमीला किती ठोके लागले ते मोजतात. त्यावरून आणि नमुन्यांवरून जमिनीची भारवहन क्षमता काढतात. अहवालात तीन गोष्टी शोधा: पाया किती खोलीवर टेकवायचा, तिथे दर चौरस मीटरला किती टन सुरक्षित, आणि मातीचा फुगवटा किती.

एक सावधगिरी. मे महिन्यात कोरड्या काळ्या मातीवर प्लेट ठेवून वजनाची चाचणी केली तर आकडे दगडासारखे येतात. ते आषाढात उरत नाहीत. शिवाय छोटी प्लेट तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतचीच माती तपासते. खाली मऊ थर दडला असेल तर तो कळत नाही. एवढ्या एका आकड्यावर काळीत पाया ठरवू नका.

चौथं काम: वजन किती ते समजून घ्या

हिशेब इंजिनिअर करेल, पण तो कसा होतो हे तुम्हाला कळलं तर तुमची फसवणूक होणार नाही. समजा, कॉलम बारा-बारा फुटांवर आहेत. मधल्या एका कॉलमवर साधारण १३ चौरस मीटर स्लॅब येतो. स्लॅब, बीम, भिंती, फरशी, माणसं आणि सामान धरून एका मजल्याचे दर चौरस मीटरला १.३ टन धरले, तर दोन स्लॅबचे सुमारे ३४ टन. फुटिंगचं स्वतःचं वजन मिळवून ३७ टन.

मुरमाची क्षमता दर चौरस मीटरला २० टन मिळाली, तर फुटिंगला १.८५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साडेचार बाय साडेचार फूट. मातीची क्षमता ८ टनच असेल तर लागतात ४.६ चौरस मीटर, म्हणजे सात बाय सात. क्षेत्रफळ अडीच पट. इथेच लोक म्हणतात, "मग काळीतच सात बाय सातचं करू, खोल कशाला जायचं?" सात बाय सातनं घर खचण्याचा प्रश्न सुटतो. फुगण्याचा सुटत नाही. उलट रुंद आणि हलक्या दाबाच्या फुटिंगला माती सहज उचलते. काळीत लढाई वजनाशी कमी आणि बदलत्या ओलीशी जास्त आहे. ओल जिथे वर्षभर बदलत नाही तिथवर जायचं, किंवा ओल बदलूच द्यायची नाही. पुढचे सगळे पर्याय या दोन वाटांनीच जातात.

पाचवं काम: पायाचा प्रकार ठरवा

*मुरूम पाच-सहा फुटांत.* भाग्य समजा. प्रत्येक कॉलमखाली सुटं फुटिंग, सगळी फुटिंगं मुरमात निदान फूटभर रोवलेली, आणि जमिनीलगत सगळ्या कॉलमना बांधणारा प्लिंथ बीम. अट एकच: सगळी एकाच जातीच्या थरावर हवीत. तीन फुटिंगं मुरमावर आणि दोन मातीवर असं चालत नाही, कारण मुरूम हलत नाही आणि माती हलते. एका कोपऱ्यात मुरूम खाली गेला असेल तर तिथे जास्त खोल जा आणि खालपासून साध्या काँक्रीटनं वर या. एका खोलीच्या, भारवाहक भिंतींच्या कामाला इथे दगडी बांधकामाचा पायऱ्यापायऱ्यांचा पायाही चांगला चालतो. त्याच्यावर काँक्रीटचा पट्टा मात्र सोडू नका.

*मुरूम आठ ते बारा फुटांवर.* हा खरा पेचाचा पट्टा, आणि आपल्याकडची बरीच घरं यातच येतात. एक मार्ग खोल जाऊन मुरमावर सुटं फुटिंग घेण्याचा. कॉलम लांब होतात, म्हणून मध्ये आणखी एक बीम लागतो. खोदाई, पाणी उपसा आणि भराव वाढतो. दुसरा मार्ग पाईलचा, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून भरलेल्या काँक्रीटच्या खांबांचा. दोन्हींचे दर लेखी मागवा आणि खोदाईसोबत भरावाचा मुरूम किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल तेही त्यात धरा. लोक तो विसरतात आणि म्हणून खोल फुटिंग स्वस्त वाटतं. दहा फुटांच्या पुढे मी बहुधा पाईलच्या बाजूनं कौल देतो.

*मुरूम लागतच नाही.* अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यात गाळाची चिकणमाती फार खोलवर आहे. तिथे मुरमाची वाट बघण्यात अर्थ नाही. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं १९५० च्या दशकात अंडर-रीम पाईल विकसित केली, आणि लहान घरासाठी तिच्याइतका चांगला तोडगा मला माहीत नाही. साधारण ३०० मिमी व्यासाचं भोक पाडतात, आणि तळाशी खास हत्यारानं त्याचा फुगा करतात, खोडाच्या सुमारे अडीच पट, म्हणजे ७५० मिमी. सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. वरची माती फुगून पाईलला उचलू पाहते तेव्हा खालचा फुगा नांगरासारखा धरून ठेवतो. खोल काळ्या मातीत पाईलची लांबी ३.५ मीटरपेक्षा, म्हणजे साडेअकरा फुटांपेक्षा कमी नको, कारण ऋतूप्रमाणे ओल बदलण्याचा पट्टा साधारण तिथवर जातो.

या पाईलमध्ये एक जागा अशी आहे की जिथे चूक झाली तर सगळा खर्च वाया जातो. पाईलच्या डोक्यांना जोडणारा बीम जमिनीवर टेकता कामा नये. त्याच्या खाली निदान ८० मिमी, म्हणजे तीन इंचांची पोकळी हवी. जमीन फुगली तर त्या पोकळीत फुगेल. गवंडी सवयीनं बीमखाली सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) करून मोकळा होतो. मग माती बीमलाच उचलते आणि पाईल घालून न घातल्यासारखी होते. बीम भरण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा. पाईलची कामं करणारा माणूस फुगा खरंच पाडतो की नाही, हेही हत्यार आत उतरताना बघा. फुग्याची माती वर आली पाहिजे.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणखी एक शत्रू आहे, खारं पाणी. ते सळई खातं. तिथे काँक्रीट कालवायला आणि मारायला बोअरचं पाणी वापरू नका, सळईवर काँक्रीटचं आवरण वाढवून घ्या आणि सिमेंट कुठलं वापरायचं ते माती-पाण्याच्या तपासणीवरून ठरवा.

*राफ्ट.* सुटी फुटिंगं मिळून घराच्या निम्म्याहून जास्त जागा व्यापायला लागली, की सगळ्या घराखाली एकच जाड स्लॅब घालणं परवडतं. त्याला राफ्ट म्हणतात. मऊ माती, बुजवलेला भाग, कॉलमवरच्या कमी-जास्त वजनांचा फरक, हे तो वाटून घेतो. काळीत राफ्ट घालायचा तर तो बीमसह ताठ हवा आणि त्याखाली न फुगणाऱ्या पण चिकट अशा मुरमाचा थर थराथरानं दाबून भरायला हवा. अशा थराचा उपयोग आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिला. तो खालच्या मातीची ओल टिकवतो आणि फुगवटा दाबून धरतो. याची जाडी अंदाजानं ठरवू नका, मातीच्या अहवालावरून ठरते.

*हद्दीवरचा कॉलम.* गावातल्या लांबट, अरुंद प्लॉटवर भिंत हद्दीला चिकटून घ्यावी लागते. मग फुटिंग शेजाऱ्याच्या जागेत जाऊ शकत नाही आणि कॉलम फुटिंगच्या कडेला येतो. असं फुटिंग कलतं. त्याला आतल्या फुटिंगशी जाड बीमनं बांधावं लागतं, किंवा दोन्ही कॉलमना मिळून एकच फुटिंग द्यावं लागतं. नकाशावर तुमचे कडेचे कॉलम आहेत तर इंजिनिअरला हे आवर्जून विचारा. आणि शेजाऱ्याच्या पायाच्या खाली सलग खोदत जाऊ नका. थोडा भाग खोदा, भरा, मग पुढचा.

*कोकण आणि किनारा.* इथे काळीचं दुखणं नाही, जांभ्याचं वेगळं आहे. सड्यावरचा (उघड्या कातळपठारावरचा) जांभा उघड्यावर कडक होतो आणि त्यावर घर छान बसतं. पण त्या कडक कवचाखाली कित्येकदा पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती असते, कुठे पोकळ्याही. कवच फोडून उगाच खोल गेलात तर चांगली जमीन सोडून वाईट जमिनीवर पाया टेकवाल. आधी बारीक बोअर मारून कवच किती जाड आहे ते बघा. खाडीकाठचा गाळ आणि गोव्यातली खाजण जमीन यांवर तर सुट्या फुटिंगचा विचारच नको. तिथे पाईल किंवा राफ्ट, आणि तेही तपासणी करूनच.

डोंगरउतारावर अर्धा प्लॉट कापून अर्धा भरून सपाट करतात. घर पूर्ण कापलेल्या भागात बसवा, किंवा भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत पाया न्या. आणि वरचा डोंगरच हलणारा असेल, तर खाली कुठलाही पाया घाला, उपयोग नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, तेव्हा तिथल्या घरांच्या पायांना दोष देण्यासारखं काही नव्हतं.

भूकंपाचं एक वाक्यात सांगून पुढे जातो. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून "आमच्याकडे भूकंप होत नाही" या भरवशावर फुटिंगं एकमेकांना न बांधता सोडू नका.

सहावं काम: काँक्रीट पडण्याआधी खड्ड्याशी उभे राहा

आखणी झाली, खड्डे झाले. आता इंजिनिअरला बोलवून प्रत्येक खड्ड्याचा तळ दाखवा. तो म्हणेल तरच पीसीसी. तळाला पाणी साचलं असेल तर उपसा, चिखल झालेला थर काढून टाका. मऊ झालेल्या मुरमावर पीसीसी टाकलं की मुरमापर्यंत आल्याचा उपयोग नाही. वाळवीचं औषध याच वेळी. पीसीसी चार ते सहा इंच. त्यावर फुटिंगची जाळी, आणि जाळीखाली ती उचलून धरणारे ५० मिमीचे काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक. खडीचे तुकडे किंवा विटेचे कपरे चालत नाहीत, त्यातून ओल थेट सळईला जाते. फुटिंगचं काँक्रीट निदान एम-२० प्रतीचं हवं. कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या की ओळंबा आणि दोरी लावून पुन्हा तपासा; एक कॉलम दोन इंच सरकला तर वरच्या भिंतीपर्यंत त्याचा त्रास होतो. पाणी मारणं सात दिवस तरी, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल किंवा कडक ऊन असेल तर दहा ते चौदा.

मग भराव. इथे माझ्या एका कामाची गोष्ट सांगितली पाहिजे. घर शिक्षकाचं. फुटिंगं साडेसहा फुटांवर कडक मुरमात, अगदी मनासारखी. जोत्यात भरायला मुरूम आणायचा ठरला होता. तीस बाय चाळीस फुटांचं घर, दोन फूट भराव, म्हणजे २४०० घनफूट, २४ ब्रास. पैसे संपत आले होते आणि खोदलेली काळी ढिगानं समोर पडली होती. ठेकेदारानं तीच आत ओढली, वर मुरमाचा पातळ हात दिला. त्या आठवड्यात मी साइटवर गेलो नाही, आणि ती चूक मी माझी मानतो. कॉलम, भिंती आजही शाबूत आहेत. पण दुसऱ्या पावसाळ्यात बाथरूमची ओल आत झिरपली आणि हॉलची फरशी मधोमध उचलली गेली, कासवाच्या पाठीसारखी. स्वयंपाकघराचं दार खालून घासून कापावं लागलं. शेवटी सगळी फरशी काढून, माती उपसून, मुरूम भरला. चोवीस ब्रास मुरमाच्या कितीतरी पट खर्च.

म्हणून खोदून निघालेली काळी माती प्लॉटवर ठेवूच नका. ती कोणाच्या शेतात जाऊ द्या, तिथे तिची किंमत आहे. फुटिंगच्या भोवती आणि जोत्यात मुरूमच, तोही सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी शिंपून, धुमसनं किंवा रोलरनं दाबून.

सातवं काम: घर झाल्यावर ओल सारखी ठेवा

घराभोवती निदान तीन-चार फूट रुंद फरसबंदी करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. छपराचं पाणी पाइपानं लांब न्या. पन्हळीतून भिंतीच्या बुंध्याशी पडणारी धार काळीत फार नुकसान करते. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा पायापासून दूर. भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे नकोत, रोज पाणी घातलं की तेवढाच कोपरा फुगतो. कडुनिंब, पिंपळ, उंबर ही मोठी झाडं उलटा त्रास देतात. उन्हाळ्यात मुळं मातीतली ओल ओढून घेतात आणि तो कोपरा खाली बसतो. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, निदान तेवढ्या अंतरावर लावा. जुनं मोठं झाड तोडून लगेच त्या जागी घर बांधत असाल तर थांबा. झाड गेल्यावर तिथली माती पुन्हा ओल धरत काही पावसाळे फुगत राहते.

आणि तडा दिसलाच, तर सिमेंट भरून बुजवण्याची घाई करू नका. आधी तो हलतोय का ते बघा. पातळ काचेची पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, भरून रंग द्या. काच फुटली तर कुठल्या महिन्यात फुटली ते लिहून ठेवा आणि ती तारीख घेऊन इंजिनिअरकडे जा. पावसाळ्यात फुटली तर पाणी कुठून आत जातंय ते शोधायचं, उन्हाळ्यात फुटली तर पाणी कोण ओढतंय ते.